मंडलेश्वर ते महेश्वर पायी, तेही उलटे

रामबागेतली | सोमवार, रात्री १०:१२

काल आपल्या इंदूरच्या मंडळातले सत्तावीस जण मंडलेश्वरपासून महेश्वरपर्यंत नर्मदेच्या काठाने चालत गेलो. सत्तावीस म्हणजे निघताना. घाटावर चालत पोचलो ते बावीस. उरलेले पाच रिक्षाने पुढे जाऊन भजी खात बसले होते. त्यांची नावं इथे लिहीत नाही, त्यांची त्यांना ठाऊक आहेत.

बस साडेपाचची होती, निघाली सव्वासहाला. महू सोडून जाम दरवाजाशी चहाला थांबलो. हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला, हे आपण सगळे शाळेच्या सहलीपासून ऐकत आलो. पण तो तिथेच का, हे थंडीतल्या सकाळी तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पाठीमागे आपला माळवा, सपाट, काळ्या मातीचा. दरवाजातून दोन पावलं पुढे गेलं की जमीनच संपते आणि खाली धुक्यात निमाड. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, तर नर्मदेचं पात्र जेमतेम दीडशेवर. घाट उतरता उतरता आधी स्वेटर निघाले, मग मफलरी, आणि मंडलेश्वरला पोचेपर्यंत मावश्यांनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली होती.

मंडलेश्वरच्या घाटावर उतरलो तेव्हा आमच्यातले एक काका पाण्यात हात घालून बराच वेळ तसेच बसले. जवळच जलूद. आपल्या इंदूरच्या नळाला येणारं पाणी तिथूनच उचललं जातं आणि सत्तर किलोमीटर, तेही डोंगर चढून, आपल्या टाकीत येऊन पडतं. १९७० साली इंदुरात नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन झालं तेव्हा काका शाळेत होते, मोर्च्यात घोषणा देत फिरले होते. पाणी आलं १९७८ मध्ये. "इतकी वर्षं ही बाई डोंगर चढून माझ्याकडे येते आहे, मी आज पहिल्यांदा तिच्याकडे आलो," असं म्हणाले आणि लगेच चष्मा पुसायला लागले. आम्हीही दुसरीकडे बघितलं.

मग चालणं. सडकेने गेलं तर आठ-नऊ किलोमीटर, काठाने जास्त भरतं, कारण मध्ये नाले येऊन मिळतात आणि प्रत्येक नाल्याला आत वळसा. एका बाजूला गहू, हरभरा, वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. काठावर पाण्याच्या मोटारी आणि त्यांचे काळे पाइप, पायवाटेत आडवे पसरलेले. दोघी त्यात अडखळल्या, लागलं कुणालाच नाही. नदी मात्र अशी शांत, की हिच्यावर वर ते रखडलेलं चारशे मेगावॅटचं धरण उभं आहे हे खरं वाटू नये.

तर मुद्द्याचं. अर्ध्या तासात समोरून तिघं जण आले. पांढरे कपडे, हातात दंड, पाठीला गाठोडं. "नर्मदे हर!" आमच्यातल्या एकाच्या तोंडून सवयीने "गुड मॉर्निंग" निघालं. (तोही रिक्षावाल्या पाचांत होता.) पुढे आणखी दोघं, मग एक एकटे बाबा, मग बायकांचा घोळका. नऊ वाजेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की सगळे समोरूनच येताहेत. आमच्या दिशेने चाललेलं एकही माणूस नाही.

त्या घोळक्यात साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. आमची मराठी ऐकून थांबल्या. कुठून आलात, कुठे चाललात झालं, आणि मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बाई, मैया तुमच्या डाव्या हाताला आलीय की गं."

परिक्रमा म्हणजे नर्मदेला पायी प्रदक्षिणा, आणि तीत नदी कायम उजव्या हाताला. उत्तर काठावर म्हणजे तोंड पूर्वेला. आम्ही बावीस-सत्तावीस जण पश्चिमेकडे, प्रवाहाबरोबर, मजेत. देवळात सगळे प्रदक्षिणा घालताहेत आणि आपण समोरून घुसलोय, असं वाटलं. तिथेच वाटेत वाद सुरू झाला. दोन मावश्या म्हणाल्या, मागे फिरा, महेश्वरला बसने जाऊ आणि तिकडून चालत येऊ. काका म्हणाले, आपण सहलीला आलोय. आजी मजा बघत उभ्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "खायला काय आणलंय?" पुऱ्या-भाजी होती. ती नको म्हणाल्या. मिरचीचा ठेचा निघाला तेव्हा डोळे चमकले. दीड महिना आश्रमांतले टिक्कड आणि डाळ खाऊन जीभ मेली होती म्हणे. डबीसकट दिला.

आम्ही तसेच पुढे गेलो. पण तेव्हापासून मनात आहे: आपलं चुकलं का? जाणत्यांनी सांगावं. फोटो उद्या टाकते.

सराफ्यातला भिया | सोमवार, रात्री १०:४०

ताई, नाव नाही लिहिलं पण सगळं सांगूनच राहिल्या तुम्ही! हो, गुड मॉर्निंगवाला मीच. गुडघा बोंबलून राहिला होता म्हणून रिक्षा केली. आणि ती भजी नव्हती, कचोरी होती. रेकॉर्ड सुधारून घ्या.

कमंडलू | सोमवार, रात्री ११:२५

मी परिक्रमा पायी केली आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

नियम ज्याने संकल्प घेतला त्याला. ओंकारेश्वराला किंवा जिथून उचलायची तिथे पूजा करून, कुपीत पाणी भरून घेऊन जो निघाला, त्याने मैया ओलांडायची नाही, उजवा हात सोडायचा नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचं. उपनद्या ओलांडता येतात. पूर्वापार रीत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची, आता बहुतेक जण काही महिन्यांत करतात. तुम्ही संकल्पच घेतला नव्हता, मग मोडलं काय? काठावरची माणसं रोज दोन्ही दिशांना शेतावर जातातच.

मात्र एक सांगतो, रागावू नका. सत्तावीस जणांचा घोळका पायवाटेवर समोरून येतो तेव्हा एकट्या परिक्रमावासीला काट्यात उतरावं लागतं. पाठीवर ओझं, पायाला फोड. वाट तुम्ही द्यायची. हे केलंत का, तेवढंच विचारतो.

रामबागेतली | सोमवार, रात्री ११:५८

पहिल्या तिघांना नाही दिली. आम्ही फोटो काढण्यात होतो. तेच उतरले. पुढच्यांना दिली.

कमंडलू | मंगळवार, सकाळी ६:०५

खरं सांगितलंत. नर्मदे हर.

विद्यापीठ रस्ता | मंगळवार, सकाळी ९:३०

पुण्याहून लिहितोय. महेश्वरला गेलात आणि नावडातोलीला गेलात की नाही? घाटावर उभं राहिलं की समोरच्या काठावर. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५२-५३ मध्ये महेश्वर आणि नावडातोली इथे खणलं, बरोबर बडोद्याचं विद्यापीठ होतं. पुढे १९५७ ते ५९ पुन्हा. ताम्रपाषाण काळातलं गाव निघालं: कुडाची गोल आणि चौकोनी घरं, तांबूस भांड्यांवर काळी नक्षी, लांब तोटीचे वाडगे. होळकर आले त्याच्या तीन हजारांहून जास्त वर्षं आधीची वस्ती. आमच्या पिढीला पुरातत्त्व म्हणजे काय ते या दोन गावांवरून शिकवलं गेलं. लोक मात्र साडी घेऊन परत येतात.

रामबागेतली | मंगळवार, दुपारी १:१५

साडीही घेतली आणि नावेने पलीकडेही गेलो. नावाड्याला विचारलं तर त्याने टेकाडाकडे बोट दाखवलं, "वहीं खुदाई हुई थी." बघायला म्हणाल तर काही नाही. टेकाड, झुडपं, शेळ्या. पण तिथून महेश्वर दिसतं ते! किल्ल्याची भिंत, घाटाच्या पायऱ्या, छत्र्या, सगळं एका नजरेत. महेश्वरात उभं राहून महेश्वर दिसत नाही, ते बघायला पलीकडेच जावं लागतं.

त्या खोदकामात धान्य पण सापडलं ना? आमच्यात कुणीतरी म्हणत होतं.

विद्यापीठ रस्ता | मंगळवार, दुपारी १:५०

हो, जळालेलं म्हणून टिकलेलं. गहू अगदी सुरुवातीपासून. तांदूळ नंतरच्या टप्प्यात येतो. मसूर, मूग, उडीद, वाटाणा, जवसही. म्हणजे आज तुम्ही चालताना डाव्या-उजव्या हाताला पाहिलंत त्यातलं बरंचसं.

सराफ्यातला भिया | मंगळवार, दुपारी १:५३

तांदूळ नंतर आला म्हणजे पोहेही नंतरच! तोवर नाश्त्याला काय करून राहिले असतील बिचारे?

किल्लेदार ग्वाल्हेर | मंगळवार, दुपारी ४:२०

महेश्वरचा किल्ला अहिल्याबाईंनी बांधला असं लोक सर्रास सांगतात, या धाग्यावर अजून कुणी म्हटलं नाही हे नशीब. किल्ला जुना आहे. त्यांचा तो वाडा, घाट, देवळं. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी तिथून कारभार केला, आणि पेशवाईतल्या सरदारांच्या राजधान्या आठवा, इतका साधा, कौलारू, लाकडी खांबांचा वाडा राजधानीचा म्हणून दुसरा सापडणार नाही. आम्ही शिंदेशाहीतले, तरी हे मान्य करतो.

१८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला गेली. ती हलली नसती तर तुम्ही आज मंडलेश्वरहून नव्हे, घरूनच चालत घाटावर गेला असता.

आणि विठोजींच्या छत्रीपाशी थांबलात ना? की तिथेही फोटोच?

रामबागेतली | मंगळवार, रात्री ९:०५

थांबलो हो दादा. एका मुलीने विचारलं, विठोजी कोण? काकांनी पायरीवर बसून सांगितलं: १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायाशी बांधून मारलं, आणि पुढच्या वर्षी दिवाळीत, २५ ऑक्टोबर १८०२ ला, भाऊ यशवंतराव हडपसरला येऊन धडकले. पेशवा पळाला, वसईचा तह झाला आणि इंग्रज आत आले. मुलगी म्हणाली, "एका माणसाला मारलं म्हणून एवढं?" काका म्हणाले, "घरातली भांडणं अशीच महाग पडतात." मग त्यांची आणि काकूंची नजरानजर झाली आणि विषय बदलला.

बडोद्याची आत्या | बुधवार, सकाळी ११:१०

आमच्याकडची नर्मदा म्हणजे चांदोद आणि गरुडेश्वर. टेंबेस्वामींनी १९१४ मध्ये गरुडेश्वरला देह ठेवला, त्याच्या कितीतरी आधी ते तुमच्या मंडलेश्वरला राहिले होते. तिथल्या दत्तमंदिरात गेलात का? मराठी माणूस या नदीला इतका का चिकटला, याचं निम्मं उत्तर दत्तसंप्रदायात आहे. निम्मं होळकरांत.

बाकी उलटं-सुलटं म्हणाल तर आमच्याकडे अख्खी वाटच बदलली. शूलपाणीच्या झाडीतून जाणारी जुनी वाट आणि शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं. आता लोक लांबचा वळसा घालून जातात. माझे सासरे त्या झाडीतून गेले होते. लुटतात म्हणून अंगावर फक्त लंगोटी ठेवून जायचं, आणि लुटणारेच पुढे वाट दाखवायला यायचे, असं ते सांगत.

स्पष्टवक्ता | बुधवार, दुपारी १२:३०

सत्तावीस माणसं म्हणजे चालणं नव्हे, वरात. आठ-दहा जण असावेत. शिवाय निघताना पाण्याच्या बाटल्यांची दोन खोकी बसमध्ये चढवलेली मी पाहिली आहेत (पोचवायला आलो होतो). जिचं पाणी रोज नळाने पिता, तिच्या काठावर प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन जाता?

रामबागेतली | बुधवार, दुपारी १२:५५

बाटल्या मोजून नेल्या, मोजून परत आणल्या. दोन कमी भरल्या. त्या कुठे गेल्या ते सांगता येत नाही, आणि ते मला टोचतंय. पुढच्या वेळी घरून फिरकीचे तांबे. वरातीचं म्हणणं मान्य, पण नावं कापायला तुम्ही या.

दोन लेकरांची आई | बुधवार, दुपारी ३:४०

परिक्रमा, इतिहास सगळं छान, पण कामाचं कुणी लिहीत नाही. नऊ वर्षांचा मुलगा चालेल का? बायकांची सोय वाटेत कुठे? बूट कसले?

रामबागेतली | बुधवार, संध्याकाळी ७:२५

मुलगा तुमच्या-आमच्याआधी पोचेल, फक्त पाण्याशी जाऊ देऊ नका. वरून शांत दिसतं, पण काठ चिकट आहे, खडक शेवाळलेले, आणि वर धरणं असल्याने पाणी कमीजास्त होतं. बायकांची सोय मंडलेश्वरला निघताना, नंतर थेट महेश्वर. मध्ये एका शेतघरातल्या ताईंनी आपण होऊन बोलावलं, चहाही दिला, पैसे घेईनात. बूट जुने, वापरलेले. नवे घालून आलेल्या एकीचे हाल सहस्रधारेला बघवत नव्हते.

हो, सहस्रधारा राहिलीच. महेश्वरच्या पुढे, जलकोटीला. तिथे पाय उरलेले नऊच जण गेलो. काळ्या बसाल्टच्या खडकांतून नदी अक्षरशः फाटते, शंभर चिरांतून पाणी. सहस्रार्जुनाने हजार हातांनी नर्मदा अडवली आणि त्याच्या बोटांतून ती निसटली, ही कथा ज्याने रचली त्याने ही जागा नीट पाहिली होती. दिवसभर जी नदी चकार शब्द बोलली नाही ती इथे इतकी बोलते, की शेजारच्याचं ऐकू येत नाही. याच पाण्यात आता वल्हवायच्या स्पर्धा होतात, २०२३ च्या खेलो इंडियात झाल्या होत्या.

संध्याकाळी राजराजेश्वराच्या देवळात अकरा अखंड नंदादीप बघितले. तूप लोक घरून आणतात. आम्हाला ठाऊक असूनही कुणी आणलं नव्हतं.

शेवटच्या बाकावरची | बुधवार, रात्री १०:१५

मी त्या बावीसमध्ये होते. पहिल्यांदाच इथे लिहितेय.

सगळे "उलटे चाललो, उलटे चाललो" म्हणताहेत. मला ते फार आवडलं होतं. त्यांच्या दिशेने चाललो असतो तर दिवसभर पुढच्या माणसाचं गाठोडं आणि टाचा दिसल्या असत्या. समोरून गेलो म्हणून प्रत्येकाचा चेहरा दिसला. त्या एकट्या बाबांचा आठवतोय का कुणाला? "नर्मदे हर" म्हणताना हसले ते इतके, की मीच लाजले. मी त्या आठवड्यात कुणाशी धड बोलले नव्हते. कारण असू द्या.

कमंडलू | बुधवार, रात्री १०:५०

मी तीन हजार किलोमीटरच्या आसपास चाललो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला सगळ्यांच्या पाठीच आठवतात.

किल्लेदार ग्वाल्हेर | गुरुवार, सकाळी ८:४५

पुढच्या वेळी रावेरखेडी करा. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला तिथे वारले, नर्मदेच्या काठावर, छावणीत, चाळिशी गाठण्याआधी. समाधी शिंद्यांनी बांधली, हे नम्रपणे नोंदवतो. धरणाच्या फुगवट्यात बुडणार म्हणून वर्षानुवर्षं धास्ती होती, अजून उभी आहे. आणि ज्या मावश्यांना डाव्या हाताचं वाईट वाटलं त्यांच्यासाठी खास: रावेरखेडी दक्षिण काठावर. तिथून प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे चाललात तर मैया आपोआप उजव्या हाताला. शेवटच्या बाकावरच्या ताईंना मात्र टाचाच दिसतील.

सराफ्यातला भिया | गुरुवार, सकाळी ९:००

मी येऊन राहिलो. पूर्ण चालणार. गुडघ्याचा पट्टा घेतला काल. पण एप्रिलमध्ये पुण्यतिथीला नका ठेवू भिया, निमाडात एप्रिल म्हणजे माणूस उभ्या उभ्या पापड होतो.

रामबागेतली | गुरुवार, रात्री ८:३०

माघात, नर्मदा जयंतीनंतरचा रविवार धरू. माघ शुद्ध सप्तमीला काठावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून नंतरचा. पंधराच जणं, पहिली येतील ती. बस साडेपाचलाच निघेल, आणि यावेळी सव्वासहाला आलेल्यांना ती दिसणार नाही.

तूप मी आणते. फिरकीचे तांबे ज्याचे त्याने. ठेचा दोन डब्या.

जाता जाता: साताऱ्याच्या आजींनी माझा नंबर लिहून घेतला होता. आज दुपारी बडवाहहून फोन आला. पाय बरे आहेत, ठेचा संपला. डबी धुऊन ठेवली आहे म्हणाल्या, अमरकंटकाला वळसा घालून ओंकारेश्वराला पोचले की फोन करते, न्यायला ये.

दोन लेकरांची आई | गुरुवार, रात्री ८:४२

आम्ही तीन. मुलाने बूट आत्ताच घालून बघितले.